गोरा साहेब ‘टुम्ही’ म्हणतो तेव्हा नेमकं काय चुकतं?

(थेट कॅमेऱ्याकडे पाहून)

“टुम्ही सारा का नाही भरला, पाटील?”

नाटकात किंवा गावात शूट केलेल्या वेबसिरीजमध्ये इंग्रज कलेक्टर आला, की तो हमखास असा बोलतो. सगळे ‘त’ काढायचे, ‘ट’ घालायचे, झाला इंग्रज! प्रेक्षकाला पात्र ओळखू येतं, पण हा माणूस खरंच इंग्लंडातून आलाय असं क्षणभरही वाटत नाही. आज आपण हेच खोलून पाहू. परक्या मुलखाचा टोन नट कसा बसवतो आणि तो कुठे उसवतो?

नमस्कार मंडळी. वडसा असो, दर्यापूर असो की वणी, जे कोणी स्टेजवर किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहता, त्यांच्यासाठी हा व्हिडिओ आहे.

आधी त्या ‘ट’चा निकाल लावू. आपला ‘त’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना लागतं. ‘ट’ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजाची जीभ या दोन्हींच्या मधे, दातांच्या मागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकते. तो आवाज आपल्या कानाला ‘ट’सारखा वाटतो, म्हणून आपला नट जीभ पूर्ण वळवून जाड ‘ट’ काढतो. असा ‘ट’ इंग्रजाला जमतच नाही! तेव्हा ‘त’ म्हणा, ‘ट’ म्हणा, मग जीभ मधल्या उंचवट्यावर थांबवा. त्यावर थोडी हवा सोडा, कारण जोर पडलेल्या अक्षराच्या सुरुवातीला इंग्रज प, ट, क हे श्वासासकट म्हणतो. त्याच्या तोंडून ‘पाटील’ हा ‘फाटील’च्या जवळ जातो, फक्त ओठ मात्र पूर्ण मिटतात.

हे तपासायला कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरा. ‘पाटील’ आपल्या पद्धतीने म्हटलं तर पट्टी जवळपास स्थिर राहते. इंग्रजी पद्धतीने म्हटलं तर ती हलली पाहिजे. अमेरिकन पात्र करणाऱ्या आपल्या पोरांनाही हीच पट्टी लागते, कारण ते ‘पेपर’, ‘टाइम’, ‘कार’ बोलताना हवा सोडत नाहीत आणि तिथेच पकडले जातात.

व्यंजनं झाली, पण खरं काम पुढे आहे. इंग्रजाचे ‘ए’ आणि ‘ओ’ सरळ राहत नाहीत. ‘लोक’ हा ‘लोउक’ होतो, ‘करतो’ हा ‘करतोउ’. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ठेका. मराठीत अक्षरं साधारण सारख्या मापाने पडतात. इंग्रज एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची गिळतो. ‘अमरावती’ म्हणताना तो बहुतेक ‘वा’वर जाईल, ‘अम्रावाऽटी’, आणि आजूबाजूचे स्वर पुसट होतील. सगळे ‘त’ शुद्ध ठेवून नुसता हा ठेका आणला, तरी माणूस परका वाटू लागतो. उलट सगळे ‘त’ बदलून ठेका मराठीच ठेवला, तर तो परका वाटत नाही. करून पाहा.

‘लगान’ (2001) मध्ये कॅप्टन रसेल झालेला पॉल ब्लॅकथॉर्न हा खरा इंग्रज नट आहे. त्याचे हिंदी संवाद कानाला हेडफोन लावून ऐका. कोणतं अक्षर दाबलं आणि कोणतं गिळलं, एवढंच वहीत टिपा.

आता परदेशी नट काय करतात? मेरिल स्ट्रीपने ‘सोफीज चॉइस’ (1982) मध्ये पोलिश बाई केली. त्यासाठी ती पोलिश आणि जर्मन शिकली. इंग्रजी बोलायचं असताना पोलिश कशाला, असं कोणालाही वाटेल. पण परका टोन म्हणजे पहिल्या भाषेच्या सवयी दुसऱ्या भाषेत झिरपणं. मूळ भाषा तोंडात बसली, की टोन आपोआप त्याच जागी पडतो, वेगळा चिकटवावा लागत नाही. तुमच्या नाटकात तमिळ इंजिनिअर असेल तर त्याला आधी तमिळची दहा वाक्यं पाठ करायला लावा, मगच मराठी संवाद हातात द्या.

उलट उदाहरण ‘मेरी पॉपिन्स’ (1964) मधल्या अमेरिकन नट डिक व्हॅन डाइकचं. लंडनच्या कॉकनी बोलीचा त्याचा प्रयत्न इतका फसला, की 2017 मध्ये त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. नट मोठा, नाच उत्तम, पण स्वर एका जागी राहत नाहीत. कच्चा टोन सगळेच चालवून घेतात. एका वाक्यात लंडन आणि पुढच्यात अमेरिका असं झालं, की मात्र प्रेक्षक उठून बसतो.

(थोडं थांबून)

आता आपल्या घरचं. मुंबई-पुण्याचा नट वऱ्हाडी बोलतो, तेव्हा काय होतं? तो ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘बे’ एवढे चार शब्द घेतो आणि खाली हेल सातारा-कोल्हापूरचा ठेवतो. मधेच ‘काय रं’ येतं. अकोल्याच्या माणसाला ते पहिल्या वाक्यालाच खटकतं.

वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, पाणी ते पानी. ‘इ’च्या आधीचा ‘व’ गळतो, विहीर ते इहीर, विचार ते इचार. भविष्यकाळात ‘तो येईल’ ऐवजी ‘तो येईन’. चालू काम ‘करून राहिला’ने सांगतात. पुढे करायचं काम ‘येजो’, ‘सांगजो’ने. हे व्याकरण संवादलेखकाने कागदावरच उतरवायला हवं, नटाच्या भरवशावर सोडू नये.

‘ळ’ मात्र जपून. अकोला-अमरावतीकडच्या खेड्यांत काळा हा ‘काया’ होतो, डोळा ‘डोया’. पूर्वेला, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीबोलीत तोच डोळा ‘डोरा’ होतो. एकाच घरातला भाऊ ‘डोया’ म्हणाला आणि बहीण ‘डोरा’, तर त्या घराचं गाव कोणतं? म्हणून स्क्रिप्ट लिहिण्याआधी पात्राचा तालुका ठरवा. जिल्हाही पुरत नाही. शिवाय वय आणि शिक्षण पाहा. कॉलेजात शिकलेला पोरगा ‘ळ’ अनेकदा स्पष्ट म्हणतो, पण घरात ‘मले’ सोडत नाही. सरसकट प्रत्येक ‘ळ’ बदलला की पात्राची थट्टा होते. आणि ‘बे’ हा बरोबरीच्या किंवा लहान माणसाला, बापाशी बोलताना नाही!

आपले विदर्भातले नट पुणेरी पात्र करतात तेव्हा उलटी चूक होते. ‘न’ कुठेच ठेवायचा नाही या भीतीने ‘मन’चंही ‘मण’ होतं.

मग सराव कसा करायचा? एकच माणूस निवडा. पात्राच्या वयाचा, त्याच गावाकडचा, तितकाच शिकलेला. परवानगी घेऊन पंधरा-वीस मिनिटं रेकॉर्ड करा. वाचायला देऊ नका, वाचताना सगळेच शुद्ध होतात. पिकाबद्दल, भांडणाबद्दल, लग्नाबद्दल बोलू द्या. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढा आणि पहिले दोन दिवस शब्द न म्हणता फक्त गुणगुणा. ओठ मिटून, चढ-उतार आणि ठेका तेवढाच. पुष्कळ नट इथे कंटाळतात आणि थेट शब्दांवर उडी मारतात, मग शेवटपर्यंत हेल स्वतःचाच राहतो.

नंतर तो माणूस गप्प असताना त्याचं तोंड पाहा. जबडा सैल आहे की आवळलेला, ओठ पसरट की गोल? तशी ठेवण स्वतः धरून एक ते वीस आकडे म्हणा. आकड्यांना भावना नसते, त्यामुळे लक्ष आवाजावर राहतं. त्यानंतर बदलणारे सहा-आठ आवाज निवडा आणि संवादाच्या कागदावर लाल पेनने तेवढेच गोल करा. सगळंच रंगवलं की नट अभिनय विसरतो. शेवटी वर्तमानपत्रातली न पाहिलेली बातमी त्या टोनमध्ये वाचा. अडखळलात तर संवाद पाठ झालेत, टोन झालेला नाही.

शूटिंगच्या दिवशी टोन दोन ठिकाणी सुटतो. एक, ओरडताना आणि रडताना. अंग ताठ झालं की जीभ लहानपणच्या सवयीकडे पळते. म्हणून भांडणाचा सीन धावून, धाप लागलेली असताना पाठ करा. दुसरं, सीन उलटसुलट क्रमाने शूट होतात. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक टेकआधी त्यातलं एक ठरलेलं वाक्य ऐकून म्हणा. ‘डबिंगमध्ये पाहून घेऊ’ हे अर्धवट खरं आहे. ‘काळा’चा ‘काया’ डबिंगमध्ये निभावतो. ‘मला’चा ‘मले’ क्लोजअपमध्ये निभावत नाही, कारण ‘ला’ला जबडा उघडतो आणि ‘ले’ला ओठ पसरतात. पडद्यावर ते दिसतं.

एक प्रश्न मात्र दिग्दर्शकाने आधी सोडवावा. टोन लागतोच का? ‘चेर्नोबिल’ (2019) मालिकेत सगळी पात्रं सोव्हिएत, पण नटांना रशियन ढंगाचं इंग्रजी बोलायला लावलं नाही. पात्रं आपसात स्वतःच्याच भाषेत बोलत असतील, तर त्यांच्या तोंडी परका टोन कशाला? दोन इंग्रज साहेब एकमेकांशी बोलत असतील तर त्यांना साधी, स्वच्छ मराठी द्या. तोच साहेब पाटलाकडे वळला की टोन सुरू करा. पात्र भाषा बदलतंय हे प्रेक्षक न सांगता ओळखतो.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात आणखी एक अडचण येते. मागच्या रांगेपर्यंत बारीक व्यंजनं पोचत नाहीत. तिथे ‘ट’वर मेहनत वाया जाते, स्वर आणि ठेका पोचतो. तालमीत एकाला मंडपाच्या शेवटी स्टेजकडे पाठ फिरवून उभं करा. त्याला चेहरा दिसू नये, फक्त ऐकू यावं. पात्र कुठलं, हे त्याने तीन वाक्यांत ओळखलं तर टोन तसाच ठेवा. संवादच समजला नाही, तर स्वरांना हात न लावता आधी वेग कमी करा आणि जोराच्या अक्षराआधी किंचित थांबा.