आधी आवाज बरोबरीला आणा

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘एक लाखाचा पॉवर अँप आणि दहा लाखांचा पॉवर अँप : फरक कशात?’ पॉवर अँप म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र. त्यावर येतोच. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती नागपुरातच बोलायला हवी असं मला वाटतं. इथल्या माणसाला सूर कळतो. वसंतराव देशपांडे याच गावात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. मैफिलीत तबला अर्धा सूर उतरला तर इथे मागच्या रांगेतलं माणूसही चुळबुळ करतं. आणि असे जाणते कान शोरूममध्ये गेले, की पाच मिनिटांत लाखांचा व्यवहार ठरवून मोकळे होतात! याचं मला फार वाईट वाटतं.

माझे एक स्नेही आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. गाण्याचं वेड जुनं. निवृत्तीच्या पैशातून चांगला पॉवर अँप घ्यायचा म्हणून एका मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये मला सोबत घेऊन गेले. स्पीकर तेच, प्लेअर तोच, आवाजाचा नॉब असलेला प्रीअँप तोच, बदलायचा तो फक्त पॉवर अँप. तिथला मुलगा अतिशय नम्र होता. ‘काका, मी काही बोलत नाही, तुम्हीच ऐका,’ म्हणाला. पुरुष आवाजातला ख्याल लावला. आधी स्वस्तातला अँप. मग वायरी काढल्या, दुसऱ्याला जोडल्या, यात चारपाच मिनिटं गेली, आणि महागाचा सुरू झाला. आमच्या स्नेह्यांचा चेहरा उजळला. डग्ग्याची घुमक भरून आली, तंबोऱ्याची जवारी खुलली, गायक जणू दोन पावलं पुढे येऊन बसला. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, ‘बघा काका, व्हॉल्यूमला मी हातही लावला नाही.’

मंडळी, घोटाळा नेमका तिथेच आहे. पॉवर अँप आत आलेलं व्होल्टेज किती पट करून बाहेर देतो, त्याला गेन म्हणतात. तो डेसिबल या पटीच्या मापात सांगतात. एखाद्या अँपचा गेन 26 डेसिबल असतो, म्हणजे 20 पट. दुसऱ्याचा 32, म्हणजे 40 पट. नॉब जागचा हलला नाही तरी दुसऱ्या अँपमधून दुप्पट व्होल्टेज निघतं, स्पीकरला चौपट पॉवर मिळते. नॉबला हात न लावणं म्हणजे आवाज सारखा ठेवणं नव्हे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं, की आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज आणि तार दोन्ही टोकं कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ती भरून येतात. घुमक भरली, जवारी खुलली, ती यामुळे. फरक थोडा असला, समजा एक डेसिबल, तर कान ‘मोठं वाजतंय’ असं म्हणतसुद्धा नाही. तो म्हणतो, ‘छान वाजतंय.’ तर्री जास्त पडली की पोहे चांगले झालेत असं वाटतं ना, तसंच.

माझ्या पिशवीत मल्टिमीटर असतो. मी म्हटलं, दोन मिनिटं द्या, स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजून दोन्ही अँप बरोबरीला आणू आणि मग ऐकू. मुलगा तयार होता. पण आतून मालक आले. ‘संगीत मीटरनं मोजत नसतात,’ म्हणाले, ‘आमच्याकडे ही पद्धत नाही.’ अहो, संगीत मोजायला कोण निघालं होतं? व्होल्टेज मोजायचं होतं! ज्या गिऱ्हाईकाकडून लाखो रुपये घ्यायचे, त्याला दोन मिनिटं मोजू द्यायचं नाही, ही कुठली रीत? त्या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊही नये असं मला वाटतं.

आम्ही तिथून निघालो आणि तीच तुलना लक्ष्मीनगरला स्नेह्यांच्या घरी केली. दोन ओळखीच्यांकडून दोन अँप मागून आणले, एक साधा, एक बराच महाग. 100 हर्ट्झचा सलग सूर लावला, मीटर एसी व्होल्टवर ठेवला, प्रोब स्पीकरच्या टर्मिनलवर. एकाचं 2.83 व्होल्ट आलं, की दुसऱ्याचंही 2.83 येईपर्यंत लेव्हल फिरवायची. शेवटच्या आकड्यात दोनतीनचा फरक चालतो, तो 0.1 डेसिबलच्या आतबाहेर असतो. एकाची लाल वायर सुटून दुसऱ्याच्या काळ्या वायरीला लागू नये, एवढं जपायचं. बदलायला स्विच हवा, कारण आवाजाचा बारीक पोत आपल्या ध्यानात काही क्षणच राहतो, पाच मिनिटं वायरी जोडण्यात गेली की तुलना संपलीच. स्नेह्यांचा भाचा कपाटाआड स्विचवर बसला. तोच ख्याल, तेच स्पीकर. आमच्यापैकी कुणालाही कोणता अँप चालू आहे हे खात्रीनं सांगता आलं नाही. मग स्नेह्यांनी अवघड स्पीकर जोडले, 4 ओमचे, म्हणजे अँपकडून जास्त करंट ओढणारे, आणि कमी संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच पॉवरला लहान वाजणारे, आणि आवाज मैफिलीइतका वर नेला. तिथे छोटा अँप तानेच्या टोकाला फाटायला लागला, आणि ते स्वयंपाकघरातून वहिनींनीही सांगितलं.

हे काही आमच्याच घरचं नाही. 1978 साली इंग्लंडमध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीच्या तीन अँपची अशीच चाचणी घेतली. एक वॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, क्वाड टू, दुसरा ट्रान्झिस्टरचा 303, तिसरा तेव्हा नवा असलेला 405. तिघांत पिढ्यांचं अंतर. आवाज बरोबरीला आणल्यावर, आणि कुणाला त्याच्या ताकदीबाहेर न वाजवता, ऐकणाऱ्या मंडळाला ते वेगळे काढता आले नाहीत. विशेष म्हणजे ही चाचणी खुद्द बनवणाऱ्या कंपनीनं करवून घेतली होती. माझ्या मनात क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांच्याबद्दल जो आदर आहे तो यासाठी.

ओघात एक सांगतो, नागपुरात ऐकायची चाचणी उन्हाळ्यात करू नका. कूलर चालू असलेल्या खोलीत तंबोऱ्याची आस ऐकूच येत नाही, आणि मे महिन्यात कूलर बंद ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. दिवाळीनंतरचे महिने चांगले. आणि खोलीत फरशी, उघड्या भिंती, वर स्लॅब असेल तर आधी सतरंजी आणि जाड पडदे घ्या. पुस्तकांनी भरलेली कपाटं असली तर उत्तमच.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. अध्यक्ष महोदय, विषय अजून बाकी आहे, भरभर सांगतो.

दहा लाखांत काय मिळतं? मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, उष्णता बाहेर टाकणारे भरपूर हीटसिंक, जाड अॅल्युमिनियमचा डबा. यातला पहिला भाग, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरचा पॉवर सप्लाय, खरा कामाचा. 8 ओमला 100 वॅट देणारा अँप 4 ओमला 200 च्या जवळ जातो का, ते बघा. जात असेल तर त्याचा पॉवर सप्लाय दमदार आहे आणि त्याचे पैसे देण्यात अर्थ आहे. पण गरज किती ते आधी काढा. 87 डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर, एका मीटरवर 87 देतो, 10 वॅटवर 97, 100 वॅटवर 107. दर 10 डेसिबलला दहापट पॉवर लागते. शंभराचे दोनशे वॅट केले तर हाती फक्त 3 डेसिबल लागतात.

क्लास ए, म्हणजे ट्रान्झिस्टर सतत चालू ठेवणारा अँप, गोड वाजतो म्हणतात. वाजत असेल, पण त्याची कार्यक्षमता फार तर 50 टक्के, आणि गाणं नसतानाही तो तापतच असतो. 300 वॅट ओढणारा अँप रोज चार तास लावला तर महिन्याला 36 युनिट झाले, शिवाय ती सगळी उष्णता आपल्याच खोलीत. तापमान 10 अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, हे विदर्भात राहणाऱ्यानं विसरू नये. क्लास डी, म्हणजे ट्रान्झिस्टर झरझर चालू-बंद करून चालणारा अँप, त्याला हसायचे दिवस गेले. ब्रुनो पुट्झेस या अभियंत्याच्या एनकोर या क्लास डी सर्किटनंतर तो स्वच्छ वाजतो, थंड राहतो, एका हातानं उचलता येतो. वॉल्व्हचा आवाज मात्र खरंच वेगळा येऊ शकतो, कारण त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर देतानाचा आतला विरोध, जास्त असतो आणि स्पीकरप्रमाणे त्याचा स्वर बदलतो. तो तुम्हाला आवडला तर जरूर घ्या.

माझं मत विचाराल तर साधारण दोन लाखांपर्यंत पैसा ताकदीला आणि टिकाऊपणाला लागतो. त्यापुढे डबा, घडणावळ आणि नाव. त्यातही सौंदर्य आहे, ज्याला परवडतं त्यानं आनंदानं घ्यावं, फक्त ते आवाजाच्या नावावर कुणी विकू नये. तुमच्याकडे पाच लाख असतील तर चार स्पीकरवर आणि खोलीवर घाला.

जुना अँप घेणाऱ्यांसाठी शेवटचं, कारण इथे बरेच जण जुनाच घेतात. स्पीकर लावायच्या आधी अँप चालू करून अर्धा तास तापू द्या, आत गाणं काही देऊ नका, आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही चॅनेलच्या टर्मिनलवर नको असलेला डीसी किती येतो ते मोजा. 50 च्या आत असेल तर ठीक. 100 च्या वर गेलं, तर आधी मेकॅनिकला दाखवा, पैसे नंतर द्या.