पडद्यावरची यमाची कचेरी

श्रोतेहो, नमस्कार.

चीनच्या शान्शी प्रांतात, शीआन शहराच्या आसपासच्या गावांमधून छायाबाहुल्यांचे खेळ होत आले आहेत. त्या पडद्यावर नरकही अवतरतो, आणि तो नरक म्हणजे चक्क कचेरी! दहा दालनं, दहा राजे. बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलेला यम पाचव्या दालनात बसतो, अंगात चिनी अधिकाऱ्याचा झगा. हाताशी चोपड्या सांभाळणारे कारकून, आणि आरोपीला फरफटत आणणारे दोन शिपाई: एकाचं तोंड बैलाचं, दुसऱ्याचं घोड्याचं. पहिल्याच दालनात एक आरसा असतो. पाप्याला त्यात आपली करणी दिसते, मग कानांवर हात ठेवायची सोयच उरत नाही. ज्यांना जिवंतपणी हाकिमाच्या दारात न्याय मिळाला नाही, त्यांना ही कचेरी भयंकर असूनही हवीशी वाटत असणार, असं मला वाटतं.

हे सगळं घडतं कातड्यातून. शान्शीत बैलाचं कातडं उजेड आरपार जाईल इतकं पातळ तासतात, बारीक सुऱ्यांनी कोरतात, रंगवतात. सज्जनांचा चेहरा जवळजवळ सगळा कोरून काढतात. कपाळापासून नाकापर्यंत उतरणारी नाजूक रेघ, भुवई आणि डोळा एवढंच उरतं. राक्षसाचा चेहरा मात्र भरीव, रंगांनी माखलेला. करवतीने पाप्याला चिरणारे यमदूत, उकळती कढई, सुऱ्यांचा डोंगर, काही म्हणजे काही सोडलेलं नाही.

या भयातून एक मुलगा आईला शोधत फिरतो. तो मूलियन, म्हणजे बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन. आई थेट अवीची नावाच्या सगळ्यात खालच्या नरकात पडलेली. बुद्धाने दिलेल्या दंडाने तो नरकाची दारं उघडतो. पुढे आई प्रेतयोनीत जाते. मुलाने भरवलेला घास तिच्या तोंडाशी येताच पेटतो. तिच्या सुटकेसाठी सातव्या चिनी महिन्याच्या पौर्णिमेला भिक्षूंना अन्नदान करावं लागतं. पितरांचा तो सण आजही पाळला जातो.

1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत अंधश्रद्धा म्हणून अशा कितीतरी बाहुल्या जाळल्या गेल्या. 2011 मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. चेंग्डूच्या संग्रहालयात बाहुल्यांचा मोठा संग्रह आहे, पण मला त्या काचेआड पाहून समाधान नाही. मूलियनने नरकाचं दार उघडलेलं पाहायचं, तर मागे दिवा हवा, झांजा हव्यात, आणि आईसाठी टाहो फोडणारा गाणारा हवा.