रक्ती हगवण आणि आतड्यातले पहारेकरी

नमस्कार. खानापूर भागात पावसाची झड लागली की शेडमध्ये अंथरलेला भाताचा तूस ओलावतो आणि आठवडाभरात कोंबडीच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसू लागते. या रक्ती हगवणीचे कारण आयमेरिया हा एकपेशीय परजीवी असून, कोंबड्यांत आढळणाऱ्या त्याच्या सर्वपरिचित 7 जातींपैकी आयमेरिया टेनेला ही जात लहान व मोठे आतडे जुळते तिथल्या दोन आंधळ्या पिशव्यांत वाढते.

विष्ठेतून पडणारी त्याची 'अंडी' (खरे तर ती अंडी नव्हेत, पण सोयीसाठी तसे म्हणू) ओल, ऊब आणि हवा मिळताच एक-दोन दिवसांत पक्व होतात. पिल्लाने ती टिपली की गिझार्ड (दाणे भरडणारे स्नायूचे जठर) त्यांचे कवच भरडते, पित्त आणि पाचकरस आतले 8 जंतू मोकळे करतात आणि ते आतड्याच्या अस्तरात शिरतात.

पुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. त्या अस्तरात लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. पण टेनेलाचे जंतू याच पेशींच्या आत बसून अस्तराच्या खोल भागापर्यंत पोहोचताना संशोधकांना दिसले आहेत. तिथे त्यांची संख्या भराभर वाढते, पेशी फुटतात आणि साधारण पाचव्या दिवशी रक्तस्राव सुरू होतो.

तरीही वाचलेले पिल्लू त्याच जातीला सहसा पुन्हा बळी पडत नाही. याचे श्रेय प्रामुख्याने प्रतिपिंडांना नसून टी पेशींना (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) आहे. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना त्यांचे नाव कोंबडीच्याच 'बर्सा' या अवयवावरून मिळाले. पण बर्सा काढलेल्या कोंबड्यांतही आयमेरियाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते. टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात आणि पुढच्या वेळी जंतू अस्तरात शिरला तरी त्याची वाढ तिथेच खुंटते. मात्र टेनेलाची ओळख मॅक्झिमा या दुसऱ्या जातीविरुद्ध कामी येत नाही.

जिवंत लस हीच ओळख थोड्या अंड्यांनी करून देते, परंतु पिल्लांनी विष्ठेतली नवी अंडी पुन्हा टिपल्याशिवाय ती पक्की होत नाही. त्यामुळे लसीनंतर तूस अगदी खडखडीत कोरडा असणेही गैरसोयीचे ठरते. मूठभर तूस दाबून पाहावा: घट्ट गोळा झाला तर तो फार ओला, गोळाच झाला नाही तर फार कोरडा, आणि गोळा होऊन लगेच विस्कटला तर ओल बेताची आहे.