मुंबईत घर शोधताना : उंची, उतार आणि वारा

[दृश्य : मलबार हिलवरून दिसणारी गिरगाव चौपाटी आणि तिच्यामागे पसरलेले शहर]

मुंबईत घर शोधणारे कुटुंब आधी स्टेशन किती लांब आहे ते विचारते, मग शाळा, कार्पेट एरिया आणि नळाला पाणी येण्याची वेळ. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती किती उंचावर आहे, तिचा उतार कोणत्या दिशेला आहे आणि जोराच्या सरीचे पाणी तेथून कोठे जाते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. खरे तर या शहरात हाच प्रश्न आधी विचारायला हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. एकाच शहरातील दोन केंद्रांमध्ये एवढी तफावत पडत असेल, तर ‘मुंबईचे हवामान’ हा शब्दप्रयोग घर निवडण्यासाठी पुरेसा नाही.

[दृश्य : जुना नकाशा, त्यावर दोन टेकड्यांच्या रांगा]

दक्षिण मुंबईची मूळ ठेवण पाहू. पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळी अशी बेसाल्ट खडकाची एक रांग उत्तरेकडे जाते. पूर्वेला डोंगरी, माझगाव आणि शिवडी यांची दुसरी, तिच्याहून ठेंगणी रांग आहे. या दोहोंच्या मधला, भायखळा, मुंबई सेंट्रल आणि परळ यांच्या आसपासचा पट्टा मुळातच सखल असून, भरतीचे पाणी पूर्वी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील मोकळ्या वाटेने थेट तेथवर येत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, त्या वाटेवर बांध घातला गेला आणि पुढे आतल्या दलदलीवर भराव पडत गेले. समुद्र बाहेर राहिला, परंतु जमीन सखलच राहिली. हिंदमाता चौक एखाद्या बशीच्या तळासारखा आहे. चहूबाजूंचे पाणी तेथे उतरते. ते साठवण्यासाठी आता जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या आहेत.

या पाण्याला बाहेर जाण्याची वाट समुद्राकडेच आहे, आणि समुद्राची वेळ ठरलेली असते. शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून, तोही ओहोटीच्या वेळेचा, आखलेल्या होत्या. भरती वर चढली की वाहिन्यांच्या तोंडाशी समुद्राची पातळी आतल्या पाण्याहून उंच होते, आणि अशा वेळी कोसळणारी सर उपसा केंद्रांच्या पंपांनी बाहेर फेकावी लागते. त्यामुळे तळमजल्यावरील घराच्या दृष्टीने पावसाच्या आकड्याइतकीच भरतीची वेळही महत्त्वाची ठरते.

[दृश्य : पवई, साकीनाका, कुर्ला, माहीम, मिठी नदीचा प्रवाह]

उपनगरांत हाच हिशेब मिठी नदीच्या काठाने करावा लागतो. विहार आणि पवई या तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून सुरू होणारी ही नदी साकीनाका, कुर्ला आणि वांद्रे-कुर्ला संकुलावरून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या पात्राजवळची जागा उन्हाळ्यात पाहून पसंत करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उंचावर गेले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. बेसाल्टच्या टेकड्यांवर झिजलेल्या मुरमाचा आणि मातीचा थर असतो. संततधारेत तो पाण्याने जड होतो आणि तीव्र उतारावरून सुटतो. जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या माहूल भागात डोंगराच्या कडेची संरक्षक भिंत रात्रीच्या वेळी घरांवर कोसळली आणि झोपेतली माणसे दगावली. तेथे राहणाऱ्यांना निवडीची मुभा नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे; परवडणारी जागा बहुधा उताराच्या पायथ्याशी किंवा नाल्याच्या काठाशीच मिळते.

[दृश्य : कान्हेरीची लेणी, खडकात कोरलेली पाण्याची टाकी]

बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरी येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी केलेली निवड मात्र आजही थक्क करते. त्यांनी मातीचा उतार टाळून एकसंध खडक निवडला, पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी त्यात पन्हळी कोरल्या आणि लेण्यांजवळच टाकी खोदून ते कोरड्या महिन्यांसाठी साठवले.

आता वारा. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे मुंबईचे तापमान आटोक्यात ठेवतात. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडील कोरड्या वाऱ्यांमुळे ते उशिरा सुरू झाले, की पारा झपाट्याने चढतो. सांताक्रूझला मार्च १९५६ मध्ये ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. म्हणून पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात वरदान वाटते, परंतु पावसाळ्यात नैऋत्येची झड त्याच भिंतीवर आपटते, आतल्या बाजूला ओल धरते आणि किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने स्लॅबमधील सळया लवकर गंजतात. दक्षिणोत्तर हवा खेळणारे घर आम्हांला अधिक सोयीचे वाटते.

शहर सोडून बदलापूर-कर्जतकडे वळणाऱ्यांना हिवाळ्यात गारवा मिळतो, मात्र उन्हाळा अधिक कडक असतो, आणि उल्हास नदीचा काठही विसरता येत नाही. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली ती याच खोऱ्यात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे दमटपणा कमी असतो आणि पाऊस मुंबईच्या साधारण एक तृतीयांश पडतो.

[दृश्य : पावसाळी गल्ली, तळमजल्याच्या भिंतीवरील पाण्याची रेघ]

घर पसंत करण्यापूर्वी शेजारच्या इमारतींच्या भिंतींवर जुन्या पाण्याची रेघ दिसते का ते पाहावे, दुकानांचे उंबरठे किती उंच बांधले आहेत ते पाहावे आणि तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंना २००५ साली पाणी कोठवर आले होते ते विचारावे. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस आणि वेळा जाहीर होतात. त्यांतला जुलैमधील एक दिवस निवडावा, आणि भरतीच्या वेळेच्या तासभर आधी त्या गल्लीत जाऊन पाणी कोणत्या बाजूला वाहते ते स्वतः पाहावे.