पडलेला दात घासू नका हो!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पन्नास वेळा तरी तोच प्रश्न आलाय: "मॅडम, रात्री दाढ ठणकायला लागली, दवाखाना बंद, काय करू?" ते झटपट उरकते, कारण मला भांडायचंय वेगळ्याच गोष्टीवरून.

दाढ ठणकतेय? कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, फटीत काही अडकलंय का ते फ्लॉसने हलक्या हाताने काढून बघा, चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. गाल सुजला तर बाहेरून बर्फ, कापडात गुंडाळून. सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकली, ताप आला, गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला, तर व्हिडिओ बंद करा आणि थेट हॉस्पिटल गाठा. आणि ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणारे काका, कमेंट वाचली तुमची! अहो, ती गिळायची गोळी आहे. हिरडी भाजते त्याने. आधी एक दुखणं होतं, आता दोन. कॅप निघाली तर डबीत ठेवून घेऊन या. सुपरग्लू नको. हसू नका, लावतात लोक.

आता मुद्दा. मार लागून अख्खा दात मुळासकट बाहेर आला. एकदा एक बाबा मुलाला घेऊन धावत आले, दात टिश्यूत गुंडाळलेला, पांढराशुभ्र. अभिमानाने म्हणाले, "डॉक्टर, ब्रश-पेस्टने स्वच्छ घासून आणलाय." मला रडावं की हसावं कळेना. दात बसवला मी, पण मुळावरचं जिवंत अस्तर धुवून गेलं होतं. असा दात पुढे हाडाला चिकटतो आणि मूळ हळूहळू झिजतं.

त्या अस्तरातल्या पेशींमुळेच दात पुन्हा धरतो. म्हणून दात उचलताना चावायचा भाग धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागलीय? थंड वाहत्या पाण्याखाली फार तर 10 सेकंद धरा, बस. मूळ चोळायचं नाही, खरवडायचं नाही, रुमालाने पुसायचंही नाही. "पण मॅडम, जंतू?" जंतूंचं आम्ही बघतो हो, मेलेल्या पेशी मात्र आम्हाला जिवंत करता येत नाहीत.

सगळ्यात उत्तम म्हणजे तिथल्या तिथे दात खोबणीत परत बसवा, पुढची बाजू पुढे आहे ना ते बघून, आणि स्वच्छ कापड हलकंसं चावून धरायला सांगा. धीर होत नसेल तर थंड दुधात टाका. दूध नसेल तर त्या माणसाचीच लाळ वाटीत घ्या, त्यात ठेवा. साधं पाणी नको, त्यात पेशी फुगून फुटतात. कोरडा तर मुळीच नको; अर्ध्या तासात बहुतेक पेशी मरतात. म्हणजे टिश्यूही नको. ऐकताय ना, बाबा?

डोक्याला मार असेल, शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील, तर दात राहू दे, आधी हॉस्पिटल.

एका ताईंनी विचारलंय, "माझ्या तीन वर्षांच्या लेकीचा दात असाच बसवू का?" नाही! तो दुधाचा दात. खाली पक्क्या दाताचा कोंब असतो, त्याला इजा होते. रक्त थांबवा, दात सोबत आणा, तो अख्खा निघालाय की तुकडा आत राहिलाय ते आम्हाला बघता येतं. आणि ताई, तोही घासून आणू नका.