बाळाला शी झाली का?

श्रोतेहो, नमस्कार. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असतं आणि दाराबाहेर बसलेली आजी रोज एकच विचारते, "डॉक्टर, शी झाली का?" मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो.

पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना २४ तासांत काळी, चिकट शी होते. दीड किलोच्या आतल्या बाळांना मात्र कित्येक दिवस लागू शकतात. आतड्यांची हालचाल अजून मंद असते, शी आतच घट्ट होते, पोट फुगतं. गरोदरपणात आईचा रक्तदाब वाढला असेल तर हे जास्त दिसतं.

अशा वेळी आम्ही दूध थांबवतो, जठरात बारीक नळी घालून साठलेलं बाहेर काढतो, सलाईन लावतो, एक्स-रे घेतो. हवेचे दोनच मोठे फुगे दिसले, तर लहान आतडं सुरुवातीलाच बंद असण्याची शक्यता मोठी. मग ऑपरेशन करावंच लागतं. आतड्याच्या भिंतीत हवा दिसली, तर तो आतड्याचा गंभीर दाह. घट्ट शीचाच संशय असेल, तर एक्स-रेवर दिसणारं, पाण्यात विरघळणारं औषध गुदद्वारातून हळूहळू सोडतात. अडथळा कुठे आहे ते त्यातून कळतं आणि बऱ्याचदा तो सुटतोही, कारण हे औषध आतड्यात पाणी ओढून शी सैल करतं. ते पाणी बाळाच्याच अंगातलं असतं, म्हणून सलाईनवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. कधी हे दोन-तीनदा करावं लागतं. आतड्याला भोक पडलं, तर मात्र ऑपरेशन.

बाळ घरी आल्यावर हिरवी उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. आतड्याला पीळ पडला असेल, तर काही तासांत त्याचा रक्तपुरवठा तुटतो. १०८ला फोन करा, लहान मुलांचे सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. एरंडेल नको, गुटी नको, विड्याच्या पानाचा देठही नको. आज्यांनो, तुमची माया मी जाणतो, पण या नाजूक आतड्यांना ते सोसत नाही.

आणि आयांनो, बाळाचं दूध थांबवलं तरी तुम्ही दर दोन-तीन तासांनी दूध पिळून काढत राहा. पोट उतरलं की पहिला थेंब तुमच्याच दुधाचा द्यायचा असतो.