महिन्याचा आकडा कसा वाचायचा? आयआयपी आणि पीएमआय
(लघुउद्योजकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. इथे बसलेले बरेच जण भोसरी, चाकण, तळवड्याचे आहेत, कुणाचं मशीन शॉप आहे, कुणाचं प्रेस शॉप, त्यामुळे थिअरी सांगत बसत नाही. पेपरात बातमी येते की देशाचं औद्योगिक उत्पादन अमुक टक्के वाढलं, आणि आपल्यातला माणूस म्हणतो, माझं ऑर्डरचं शेड्यूल तर कंपनीने कमी केलंय, मग हे वाढलं कुठे? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर बहुतेक वेळा त्या टक्क्यात नसतं, टक्का ज्या इंडेक्सवरून, म्हणजे निर्देशांकावरून काढला त्यात असतं. आज मला एवढंच पटवून द्यायचंय.

आयआयपी म्हणजे औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक, केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय काढतं. आत्ता मी ज्या मालिकेबद्दल बोलतोय तिच्यात २०११-१२ सालचं उत्पादन १०० धरलंय, त्यात कारखानदारीचं वजन, म्हणजे एकूण आकड्यातला वाटा, ७७.६३ टक्के, खाणींचं १४.३७ आणि विजेचं ७.९९. आकडे वेगवेगळ्या खात्यांकडून येतात, खनिजांचे नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडून, कापडाचे मुंबईच्या वस्त्रोद्योग आयुक्तांकडून, असं. पूर्वी हे सगळं गोळा होऊन आकडा यायला सहा आठवडे लागायचे, एप्रिल २०२५ पासून पुढच्या महिन्याच्या २८ तारखेला येतो. तरी पहिला आकडा अंदाजच असतो हं, सगळ्या कारखान्यांचे उत्पादनाचे रिटर्न आलेले नसतात, पुढे तो बदलतो.

आता टक्का कसा फसवतो बघा. एप्रिल २०१९ चा इंडेक्स १२६.५. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन, कारखान्यांना कुलूप, इंडेक्स आला ५४.०. एप्रिल २०२१ ला १२६.६. बातमीतली टक्केवारी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी काढतात, तशी काढली तर २०२१ ची वाढ १३४ टक्के! आणि प्रत्यक्षात काय झालं, तर दोन वर्षांत देश ०.१ अंक पुढे गेला, म्हणजे होता तिथेच परत आला. त्या १३४ टक्क्यांच्या भरवशावर कुणी नवीन व्हीएमसी, म्हणजे धातूकामाची कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, बुक केली असती तर हप्ते भरताना नाकी नऊ आले असते.

बरं तो काळच वेगळा होता म्हणाल, तर साधं वर्ष घ्या. २०२२ ची दिवाळी ऑक्टोबरमध्ये होती, २०२३ ची नोव्हेंबरमध्ये. दिवाळीत कामगार गावी जातात, शिफ्ट बंद, डिस्पॅच बंद, हे तुम्हाला मी काय सांगणार. ऑक्टोबर २०२३ ची पहिली आकडेवारी आली ११.७ टक्के वाढ, सगळीकडे जल्लोष, आणि पुढच्याच महिन्यात २.४ टक्के, मग लगेच चिंता. अहो, सुट्ट्या या महिन्यातून त्या महिन्यात सरकल्या! शिवाय आधीच्या वर्षीचा ऑक्टोबर पडलेला होता, त्यामुळे वाढ आणखी मोठी दिसली. आपल्या आयआयपीच्या बातमीतला टक्का सणासुदीचा परिणाम काढून टाकलेला नसतो, म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर कायम जोडीने वाचायचे, सुटे वाचायचेच नाहीत.

आणि चूकही होते. महाराष्ट्राच्या माणसाने साखरेचा किस्सा लक्षात ठेवायलाच हवा. जानेवारी २०१२ ची वाढ आधी ६.८ टक्के जाहीर झाली, महिन्याभराने ती दुरुस्त करून १.१ टक्के केली, कारण साखरेचं उत्पादन ५८ लाख टन धरायचं ते १३४ लाख टन धरलं गेलं होतं. एका मालाच्या एका आकड्याने अख्ख्या देशाचं चित्र फिरलं आणि त्यावर महिनाभर चर्चा झाल्या, व्याजदरांचे अंदाज बांधले गेले. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या आकड्यावर निर्णय घेणारी माणसं खरी असतात, त्यांचा पैसा खरा असतो.

आता पीएमआय, म्हणजे परचेसिंग मॅनेजर्स इंडेक्स, खरेदी अधिकाऱ्यांना विचारून काढलेला निर्देशांक. हा खाजगी आहे, एचएसबीसीच्या नावाने येतो, तयार करते एसअँडपी ग्लोबल. साधारण ४०० कारखान्यांच्या परचेस मॅनेजरना विचारतात की मागच्या महिन्यापेक्षा ऑर्डर वाढल्या, तेवढ्याच आहेत, की कमी झाल्या? समजा शंभरातले ४० म्हणाले वाढल्या, ४० म्हणाले तेवढ्याच, २० म्हणाले कमी, तर ४० अधिक तेवढ्याचवाल्यांचे निम्मे २०, झाले ६०. पन्नासच्या वर म्हणजे विस्तार. पण ६० म्हणजे धंदा ६० टक्के वाढला असं नाही, किती वाढला हे त्यात विचारलेलंच नसतं, एक टक्का वाढलेला आणि दुप्पट झालेला दोघांचं उत्तर सारखंच. आणि ५९ वरून ५७ झाला की लोक म्हणतात घसरण, तर ती घसरण नाही, वाढच आहे, फक्त कमी ठिकाणी पसरलेली.

असं पाच गोष्टींबद्दल विचारतात आणि त्यांची वजनं असतात, नवीन ऑर्डर ३०, उत्पादन २५, रोजगार २०, पुरवठ्याला लागणारा वेळ १५ आणि कच्च्या मालाचा साठा १० टक्के. यातली चौथी गंमतीची आहे. माल उशिरा यायला लागला की पीएमआय वाढतो, कारण एरवी उशीर म्हणजे सप्लायरकडे ऑर्डर तुंबल्यात असा अर्थ. एप्रिल २०२० मध्ये ट्रक रस्त्यात अडकले होते म्हणून उशीर होता, तरी त्याने आकड्याला वरच ढकललं. तेव्हाचा पीएमआय २७.४ होता, खरी अवस्था त्याहून वाईट होती.

मग आमच्या छोट्या शेडचं काय, असं मघाशी एकाने विचारलं. स्पष्ट सांगतो, जॉबवर्क करणारी बहुतेक युनिटं आयआयपीत थेट मोजली जात नाहीत. कारखान्यांची यादी जुनी, त्यात कुणी बंद पडलं, कुणी दुसराच माल करायला लागलं. २०२२-२३ पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आणायचं काम मंत्रालयाने हाती घेतलं ते याचसाठी गरजेचं होतं, आणि त्यात लघुउद्योग नीट दिसावा ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत हेडलाइन सोडा आणि आयआयपीच्या प्रसिद्धीपत्रकाच्या मागचे तक्ते उघडा. तिथे कारखानदारीचे २३ गट आहेत. २०११-१२ च्या मालिकेत वाहनांचं वजन ४.८६, मशिनरीचं ४.७७, फॅब्रिकेटेड मेटलचं फक्त २.६५, उलट पोलाद वगैरे मूळ धातूंचं १२.८०. म्हणजे स्टील प्लांट जोरात चालले की तुमचा गट पडलेला असूनही एकूण आकडा छान दिसतो. आपल्या गटाचा इंडेक्स घ्या, तीन महिन्यांची सरासरी काढा, मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी लावा आणि शेजारी आपली जीएसटी रिटर्नमधली विक्री लिहा, विक्री रुपयात आणि इंडेक्स मालाच्या प्रमाणात असतो म्हणून भाववाढ आधी वजा करा. मशीन बनवणाऱ्यांनी कॅपिटल गुड्सची, म्हणजे यंत्रसामग्रीची ओळ बघावी, पण ती एका महिन्यावरून कधीच नाही, एखादी मोठी डिलिव्हरी झाली की ती ओळ उडते आणि पुढच्या महिन्यात खाली येते.